घोड्याला ठोकलेला खिळा

रविवार, रात्रीचे साडेअकरा

मंडळाच्या पोरांनी संध्याकाळी घोडा, म्हणजे आमची लाकडी शिडी, परत आणला. गॅलरीत भिंतीला टेकवला, "दादा, ठेवला हां" म्हणून ओरडले आणि पळाले. जेवण झाल्यावर सहज हात फिरवला, तर वरून दुसऱ्या पायरीला खिळा. चांगला दोन इंची, डोकं अर्धं बाहेर. तेव्हापासून जिवाला चैन नाही.

एका खिळ्याचं काय एवढं, असं हिलाही वाटलं. पण माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या घोड्यात एकही खिळा नव्हता. चाळीची दुरुस्ती निघाली तेव्हा काढून टाकलेल्या बर्मा सागाच्या वाशांतून त्यांनी तो केला. पायरीचं टोक तासून खाचेत बसवलं आणि त्यातून आडवी बांबूची मेख मारली. मेखा आधी तव्यावर शेकून घेतल्या. शेकून सुकवलेला बांबू मुंबईच्या दमट हवेत फुगतो आणि खाचेत घट्ट रुततो. खिळा त्याच हवेत गंजतो आणि लाकूड फोडतो. तवा खराब केला म्हणून आई दोन दिवस बोलत होती.

ज्यानं खिळा मारला त्या पोराला मी वर बोलावलं आणि नको ते बोललो. "वस्तू वापरायची अक्कल नाही, तर मागता कशाला?" तो खाली मान घालून उभा राहिला आणि गेला.

त्याच्यावर काढला तो राग फार जुना आहे. अण्णा सगळ्या चाळीचे होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यांचं गिरणीतलं साचेखातं सुटलं ते सुटलंच. मग आजोबांनी शिकवलेली सुतारकी पोटाला आली. गावी काढलेलं ते दीड वर्ष आज नको. परत आल्यावर कुणाचा पाळणा, कुणाचा देव्हारा, भजनी मंडळाच्या पेटीचा भाता, स्टोचा पंप, सायकलच्या ट्यूबमधून कापलेला नळाचा वायसर. पैशाचं काम कमी, हाकेचं जास्त. कुणी गेलं की तिरडी बांधायलाही अण्णाच. ती सुतळीची गाठ दुसऱ्या कुणाला बसायची नाही. त्यांच्या वेळी दुकानातून तयार आणली.

आणि आमची खिडकी? गॅलरीकडची झडप कधी नीट लागलीच नाही. आई सांगून थकली. "करतो गं, गणपती होऊ देत." गणपती झाले, दिवाळी झाली. शेवटी पुठ्ठ्याची घडी करून फटीत दाबली, तीच कायमची. माझ्या दहावीच्या वर्षी त्याच फटीतून पाणी येऊन वह्या भिजल्या, तेव्हा अण्णा मंडपाच्या छतावर ताडपत्री बांधत होते. आई म्हणायची, घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. आम्हाला अण्णा उरलेसुरले मिळाले, हे मी इतकी वर्षं मनात धरून बसलोय. कुणाला सांगितलं नाही. ते गेल्यावर तर सांगायची सोयच उरली नाही. सगळी चाळ रडत होती, त्यात माझं वेगळं काय सांगणार?

लिहिता लिहिता उठलो आणि तो पुठ्ठा ओढून काढला. औषधाच्या खोक्याचा निघाला. त्यावर यंदाचा मार्च छापलेला. अण्णांना जाऊन दहा महिने झाले.

आई जागीच होती. म्हणाली, "दर पावसाळ्याआधी मी बदलते. भिजून लगदा होतो त्याचा. ह्यांनी घातला तो पहिला तेवढाच." मग कूस बदलून, "आणि त्या पोरावर कशाला खेकसलास? मखराचे दिवे लावायला कुणीतरी चढायला हवं होतं ना. भर रात्री बांबू शेकत कोण बसणार?"

बॅटरी घेऊन पुन्हा गॅलरीत गेलो. वाकून नीट पाहिलं. खिळा मारायच्या आधी पोरानं गिरमिटानं भोक पाडून घेतलंय. लाकडाला कुठेही चीर नाही. डोकंही बाहेर ठेवलंय ते नंतर उपटता यावं म्हणून. हे त्याला कुणी शिकवलं असेल ते विचारायची गरज नाही. आमच्या पेटीतलं गिरमिट कुठे गेलं, तेही कळलं.

पुठ्ठा होता तसा परत खोचला. उद्या शिडीवाल्याकडून बांबूचा तुकडा आणायचा आणि त्या पोराला वर बोलवायचं. तवा मात्र आईकडे आधी मागून ठेवायला हवा.