रेस अडकली की पाय चुकला?

पार्किंगमधून काढताना गाडी उसळून समोरच्या भिंतीवर गेली की गर्दीत दोन तट पडतात. चालक म्हणतो, "ब्रेक दाबला होता, रेस (म्हणजे एक्सलेटर) अडकून गाडी आपोआप पळाली." मेस्त्री म्हणतो, "पाय एक्सलेटरवर होता." आमच्या बेळगावात हा वाद उद्यमबागच्या चहाच्या टपरीपासून खानापूरच्या स्टँडपर्यंत कुठेही ऐकायला मिळेल, आणि तोही गाडीचं बॉनेट उघडण्याआधीच. माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक कारण आपली खूण मागे ठेवतं. ती आधी बघा, मग भांडा.

बहुतेक वेळा पायच चुकलेला असतो हे मान्य करायला हवं. रिव्हर्स घेताना माणूस मागे वळतो, कंबरेबरोबर उजवा पायही थोडा सरकतो. टाच जमिनीवर टेकलेली नसेल तर ब्रेक समजून पडलेला पाय एक्सलेटरवर बसतो. गाडी उसळते, आणि माणूस "ब्रेक लागत नाही" म्हणून तोच पाय आणखी जोरात दाबतो. तो खोटं बोलत नसतो, त्याच्या डोक्यात तो ब्रेकच असतो.

क्लचचं पेडल नसलेल्या, गिअर आपोआप बदलणाऱ्या एएमटी गाड्या आल्यापासून यात भर पडली. मॅन्युअल गाडीत घाबरलेला माणूस दोन्ही पाय एकदम दाबतो, क्लच दबतो आणि उजवा पाय चुकला तरी इंजिन नुसतं ओरडतं. पंचवीस वर्षं मॅन्युअल चालवून एएमटी घेतलेल्याचा डावा पाय क्लच शोधतो, तिथे काहीच नसतं. शहापूर-वडगावच्या बोळात गाडी लावायची असेल तर आधी मोकळ्या मैदानात पन्नास वेळा ब्रेक ते एक्सलेटर, टाच न उचलता, असा सराव करा. डावा पाय मात्र सीटकडे मागे ओढलेला.

दुसरा नंबर मॅटचा. आपल्याकडे पावसाळ्यात लाल चिखल नको म्हणून कंपनीच्या मॅटवर जाड रबरी मॅट, त्यावर आणखी एखादं कापडी, असे थर चढतात. खालचं मॅट हुकला अडकलेलं असतं, वरचं मोकळं. महिनाभरात ते पुढे सरकतं आणि पूर्ण दाबलेल्या एक्सलेटरचं टोक त्याच्या कडेखाली धरलं जातं. तपासायची रीत सोपी आहे: इंजिन बंद, एक्सलेटर हाताने तळापर्यंत दाबा, मॅट पुढे ढकला आणि पेडल सोडा. टक् असा आवाज करत वर आलं नाही तर वरचं मॅट आजच काढा. मॅटच्या वरच्या कडेला पेडलच्या टोकाने घासल्याचा चकचकीत पट्टा दिसला, तर पेडल तिथे घासतं हे नक्की. सीटखाली लोळणारी पाण्याची बाटलीही याच जातीची.

ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत सान दिएगोजवळ लेक्ससचा अपघात होऊन चौघे गेले. गाडी डीलरने तात्पुरती वापरायला दिलेली होती आणि तिच्यात दुसऱ्या मॉडेलचं मॅट होतं. त्यानंतर टोयोटाने मॅटसाठी आणि चिकटणाऱ्या पेडलसाठी लाखो गाड्या परत बोलावल्या. त्याआधी १९८६ मध्ये ऑडी ५००० वर असंच वादळ उठलं होतं. १९८९ च्या सरकारी अहवालाने बहुतेक दोष चुकलेल्या पायाला दिला, पण काही गाड्यांत आयडल, म्हणजे पाय न लावता चालणाऱ्या इंजिनाचा वेग, सांभाळणारा भाग बिघडून गाडी थोडी उसळायची आणि त्या दचक्याने पाय चुकायचा, हेही नोंदवलं. हा दुसरा भाग लोक विसरतात. यंत्र आणि पाय एकमेकांच्या मदतीला येतात.

"इलेक्ट्रॉनिक्स चुकूच शकत नाही" म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. २०११ मध्ये नासाच्या तपासात टोयोटाच्या थ्रॉटलमध्ये, म्हणजे इंजिनात किती हवा जावी हे ठरवणाऱ्या झडपेच्या यंत्रणेत, मोठ्या वेगवाढीचं इलेक्ट्रॉनिक कारण सापडलं नाही, पण जुन्या पद्धतीच्या काही पेडल सेन्सरमध्ये कथलाचे केसासारखे बारीक तंतू वाढून शॉर्ट झालेले दिसले. २०१३ मध्ये ओक्लाहोमाच्या ज्युरीने सॉफ्टवेअर तज्ज्ञांची साक्ष ऐकून अशाच एका अपघातासाठी टोयोटाला जबाबदार धरलं.

आजच्या पेडलमध्ये दोन सेन्सर असतात आणि अनेक गाड्यांत एकाचा व्होल्टेज दुसऱ्याच्या निम्मा असतो. सोडलेल्या पेडलला एकीकडे ०.७५ व्होल्ट, दुसरीकडे ०.३८ च्या आसपास. दोघांचं जुळलं नाही की गाडी रेस घेणं कमी करते आणि पी २१३८ सारखा बिघाडाचा कोड टाकते. इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवून स्कॅनरवर हे दोन आकडे बघत पेडल अगदी हळू दाबा. मध्ये कुठे उडी मारली तर पेडल बदला. बाजारात पेडलच्या वायरमध्ये जोडायचा "पिकअप वाढवणारा" डबा मिळतो, तो मला बिलकुल पसंत नाही. तो दोन्ही सिग्नल एकाच प्रमाणात फुगवतो, म्हणून गाडीच्या कॉम्प्युटरला खोटं कळतच नाही.

जुन्या मारुती ८०० किंवा ओम्नीत केबल असते. पेडलकडच्या टोकाला तारेचे धागे सुटले की ते आवरणात अडकतात आणि रेस तशीच राहते. केबलला जाड ग्रीस भरू नका, धूळ धरून ती आणखी जड होते. बटरफ्लायभोवती, म्हणजे थ्रॉटलच्या आत फिरणाऱ्या पाकळीभोवती, कार्बनचा थर जमला तरी ती किंचित उघडी अडकते. क्लीनर कापडावर घेऊन पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये बोटाने पाकळी ढकलायची नाही, आतले प्लास्टिकचे दात तुटतात. साफ केल्यावर काही दिवस आयडल चढं राहू शकतं, त्याचं लर्निंग (स्कॅनरने नव्याने जुळवणी) करून घ्या.

"रेस अडकली तर ब्रेक पुरत नाही" हा समज आकड्यांनी तपासू. माणसांसकट ११०० किलोची छोटी पेट्रोल गाडी, ९० न्यूटन-मीटरचं इंजिन, पहिल्या गिअरला चाकावर साधारण ४००० न्यूटन जोर देते, तिसऱ्याला दीड हजार. कोरड्या रस्त्यावर ब्रेकचा जोर साडेआठ हजारांच्या आसपास. म्हणजे ब्रेकच जिंकतो, पण एका अटीवर. पेट्रोल इंजिनात बटरफ्लाय पूर्ण उघडी असली की व्हॅक्यूम (हवेची ओढ) नाहीसा होतो आणि त्यावर ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमध्ये साठलेला एक-दोन दाबांपुरताच उरतो. ब्रेक पंप केला की तो संपला, आणि मग पेडलला तीन-चार पट ताकद लागते. चोर्ला घाटाच्या उतारावर ही चूक महाग पडते.

म्हणून रेस अडकली तर पाय एक्सलेटरवरून पूर्ण उचला, मग एकदाच, घट्ट ब्रेक, आणि सोडू नका. लगेच क्लच दाबा, किंवा एएमटी असेल तर न्यूट्रल. इंजिन किंचाळेल, किंचाळू द्या. गाडी थांबल्यावर बंद करा. चालत्या गाडीची किल्ली लॉकपर्यंत फिरवली तर स्टिअरिंग अडकेल. बटनाच्या गाडीत बटन सुमारे तीन सेकंद दाबून धरावं लागतं, नुसतं टिचकी मारून भागत नाही.

डिझेलचं प्रकरण वेगळं. टर्बोचं सील गेलं, किंवा जुन्या जीप-ट्रॅक्टरच्या ऑइलबाथ एअर फिल्टरमध्ये खुणेपेक्षा जास्त तेल भरलं, की इंजिन स्वतःचंच तेल पिऊन पळत सुटतं. किल्ली काढली तरी थांबत नाही, निळा-पांढरा धूर ओकत राहतं. मॅन्युअल असेल तर वरचा गिअर, ब्रेक घट्ट आणि क्लच एकदम सोडून इंजिन बंद पाडायचं. इनटेक, म्हणजे इंजिनाचं हवा ओढायचं तोंड, बंद करायचं झालं तर जाड फळीने, हाताने कधीच नाही.

अपघात झालाच, तर गॅरेजवाल्याला बॅटरी काढू आणि कोड पुसू देऊ नका, आधी स्कॅन करून पडद्याचा फोटो घ्या. मॅट जिथे आहे तिथेच त्याचाही फोटो. ब्रेकलाइट जुन्या पद्धतीच्या बल्बचा असेल तर तो जपून काढून ठेवा. धडकेच्या वेळी पेटलेला असला तर त्याची तार ताणून लोंबलेली असते, विझलेला असला तर सहसा जशीच्या तशी.