गवती चहाचे ऊर्ध्वपातन, नोंद तिसरी: चंबूचे पैसे कशाचे?

गवती चहाच्या पानांतले तेल वाफेबरोबर काढून ती वाफ पुन्हा थंड करायची, म्हणजेच ऊर्ध्वपातन करायचे, तर मुरंब्याच्या बरणीवर भागवण्याचा माझा प्रयत्न, गरम वाळूवर ठेवलेल्या बरणीचा तळ चकतीसारखा सुटून आल्यावर संपला. त्यानंतर मी दोन लिटरचा गोल बुडाचा चंबू, बी-२४ (एकमेकांत घट्ट बसणाऱ्या ठरावीक मापाच्या) सांध्यांचा लीबिग कंडेन्सर, म्हणजे वाफ थंड करणारी दुहेरी नळी, आणि एक जोडनळी विकत घेतली. एकट्या चंबूच्या पैशांत तशा दहा-बारा बरण्या सहज आल्या असत्या. दोन्ही काचाच असताना एवढा फरक कशाचा, हे नीट समजून घ्यावे म्हणून या वेळी पाने उकळण्याआधी मी सामानच तपासायला घेतले.

औषधाच्या दुकानातून आणलेले शुद्ध ग्लिसरीन पेल्यात ओतून त्यात प्रयोगशाळेची काचकांडी बुडवली, तर तिचा बुडालेला भाग दिसेनासा झाला. आत अडकलेला हवेचा एक बारीक धागा तेवढा अधांतरी उरला. बरणीचा तुकडा मात्र त्याच ग्लिसरीनमध्ये कडेसकट स्पष्ट दिसत राहिला. प्रयोगशाळेच्या सामानाच्या बोरोसिलिकेट काचेचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) सुमारे १.४७ म्हणजे जवळजवळ ग्लिसरीनइतकाच असतो, तर साध्या काचेचा १.५२ च्या आसपास असतो. जुने सामान घेताना ही परीक्षा जरूर करावी.

साध्या काचेत वाळूबरोबर सोडा आणि चुना असतो, आणि सोड्यामुळे वाळू कमी उष्णतेत वितळते. बोरोसिलिकेटमध्ये सुमारे ८० टक्के सिलिका, १२-१३ टक्के बोरॉन ऑक्साइड आणि अल्कली (सोड्यासारखे क्षार) जेमतेम ४ टक्के असते. बोरॉन देणारा टाकणखार वाळू-चुन्यासारखा स्वस्त नाही. शिवाय हे मिश्रण वितळवायला भट्टी १६०० अंश सेल्सियसच्या आसपास न्यावी लागते, त्यामुळे इंधन जास्त लागते आणि भट्टीच्या विटाही लवकर झिजतात. या खर्चाच्या बदल्यात मिळते ते कमी प्रसरण: तापमान एक अंशाने वाढले की ही काच लांबीच्या दहा लाखांत ३.३ भाग वाढते, तर साधी काच सुमारे ९ भाग. माझ्या बरणीचा जाड तळ बाहेरून तापून फुगू पाहत होता आणि आतली बाजू अजून थंड होती. ती ओढाताण तिला सोसली नाही.

पण केवळ कच्च्या मालाने एवढी किंमत होत नाही, हे मला काच फुंकणाऱ्या एका कारागिराकडे गेल्यावर पटले. कंडेन्सरची आतली नळी बाहेरच्या आवरणाला दोन्ही टोकांशी ऑक्सिजनच्या ज्योतीवर जोडतात. लेथवर (नळ्या पकडून फिरवणाऱ्या यंत्रावर) दोन्ही नळ्या एकाच गतीने फिरत असताना कारागीर जोड धरून, फुंकून, पुन्हा तापवून सारखे करत होते, आणि सोडियमचा पिवळा झगमगाट अडवणारा खास चष्मा लावल्याशिवाय ज्योतीतली काच नीट दिसतच नव्हती. साध्या बाटल्या यंत्रातून मिनिटाला शेकड्यांनी पडतात. इथे एका कंडेन्सरमागे एक माणूस उभा असतो. जोडकाम झाल्यावर नग ५६० अंशांच्या आसपास भट्टीत ठेवून सावकाश थंड करतात. हे झाले नाही, तर काचेत ताण राहतो आणि नग पुढे कधीतरी, हात न लावताही, तडकू शकतो.

तो ताण घरीही पाहता येतो. लॅपटॉपचा पडदा पांढरा करून पोलराइज्ड गॉगलची काच तो काळा दिसेपर्यंत फिरवली आणि मध्ये कंडेन्सर धरला, तेव्हा दोन्ही जोडांपाशी काळोखच राहिला, म्हणजे तिथे ताण उरलेला नव्हता. त्याच जागी कढईचे टफन्ड काचेचे झाकण धरल्यावर उजळ पट्टे उमटले, कारण त्यात मजबुतीसाठी ताण मुद्दाम भरलेला असतो.

‘अ’ वर्गाच्या, म्हणजे सर्वांत अचूक दर्जाच्या, मोजचंबूचे (मानेवरच्या रेघेपर्यंत ठरावीक माप भरणाऱ्या चंबूचे) पैसे तर मुख्यतः एका रेघेचे असतात. फुंकलेल्या दोन चंबूंची पोटे तंतोतंत सारखी नसतात, म्हणून प्रत्येकात पाणी मोजून भरून रेघेची जागा ठरवावी लागते. १०० मिलीच्या चंबूला चूक माफ असते ती फक्त ०.१ मिलीची. माझ्या १०० मिलीच्या मोजचंबूतले २७ अंशांचे ऊर्ध्वपातित पाणी ९९.५१ ग्रॅम भरले. हवेत तोलल्यावर ९९.५५ यायला हवे होते. स्वयंपाकघरातल्या मापाच्या काचेच्या पेल्यात १०० च्या खुणेपर्यंत भरलेले पाणी ९३ ग्रॅमच निघाले.

मग ४०० ग्रॅम पाने चिरून पाण्यासह दोन लिटरच्या चंबूत घातली आणि दोन तास मंद उकळत ठेवली. थंड होऊन जमलेल्या पाण्यावर फिकट पिवळे तेल जमले, ते १.४ मिली भरले. सांध्याला ग्रीस अगदी पुसट लावले होते. वाफ कुठूनही निसटली नाही. आच बंद केल्यावर चंबू कोमट असतानाच कापडाने धरून सांधा हलकेच फिरवून सुटा केला, कारण पूर्ण थंड झाल्यावर तो आवळून बसण्याची भीती असते.