तीन नोडचा क्लस्टर, हिशेब दोनचा

प्रॉक्समॉक्स म्हणजे एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणारं सॉफ्टवेअर; सेफ म्हणजे सगळ्या सर्व्हरच्या डिस्क मिळून एकच साठा करणारं. प्रॉक्समॉक्सवर सेफसह हाय-अव्हेलेबिलिटी (एचए) क्लस्टर, म्हणजे एक सर्व्हर पडला तरी व्हीएम दुसऱ्यावर चालू करणारा गट, उभारायचा तर किमान तीन नोड (सर्व्हर) हवेत. कोटेशन मागवताना मात्र बेरीज तिन्ही नोडची होते. ती दोनचीच करावी, कारण एक नोड पडला की सगळा भार उरलेल्या दोघांवर येणार.

समजा, प्रत्येक नोडमध्ये १२८ जीबी रॅम आणि १.९२ टीबीच्या चार एसएसडी आहेत. सेफच्या प्रत्येक ओएसडीला (एक डिस्क सांभाळणारा प्रोग्रॅम) साधारण ४ जीबी रॅम, म्हणजे १६; सेफचे मॉनिटर, मॅनेजर आणि खुद्द होस्टसाठी ८. उरले १०४. दोन नोडचे २०८, म्हणून सगळ्या व्हीएम मिळून २०० जीबीच्या आत बसवा. ३०० वाटून मोकळे झालात, तर नोड पडेल त्या दिवशी रॅम संपून चांगल्या चालणाऱ्या व्हीएमही बंद पडू लागतील.

डिस्कचा हिशेब याहून फसवा. कच्ची जागा २३.०४ टीबी, तीन प्रती ठेवल्यावर हाती ७.६८. सेफ ८५ टक्क्यांवर इशारा देतं आणि ९५ ला लिहिणंच थांबवतं, म्हणून बरेच जण ६.५ टीबी धरून चालतात. पण तीन नोड आणि तीन प्रती म्हटल्यावर प्रत्येक नोडवर एक प्रत असलीच पाहिजे. एक डिस्क गेली की तिच्यावरचा डेटा त्याच नोडच्या बाकीच्या तीन डिस्कवर बसवावा लागतो, शेजारच्या नोडवर ढकलता येत नाही. चारही डिस्क ६४ टक्के भरलेल्या असतील तर उरलेल्या तीन थेट ८५ वर जातात. म्हणजे खरी जागा ४.९ टीबी! तेवढ्याच कच्च्या जागेसाठी प्रत्येक नोडमध्ये ९६० जीबीच्या आठ डिस्क घेतल्या तर ५.७ टीबीपर्यंत जाता येतं. मात्र ओएसडी आठ झाल्याने रॅम आणखी १६ जीबी जाते.

एसएसडी पॉवर-लॉस प्रोटेक्शनवालीच (वीज गेली तरी लिहिला जात असलेला डेटा वाचवणारी) घ्या. लॅपटॉपमधली एसएसडी सेफचं सिंक रायटिंग (डेटा पक्का लिहिला जाईपर्यंत थांबणं) झेपवू शकत नाही. रेड (RAID) कार्ड नको, डिस्क थेट जोडणारं साधं एचबीए कार्ड पुरे.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो नेटवर्कवर. नोड एकमेकांना ‘मी जिवंत आहे’ असं ज्यातून कळवतात त्या कोरोसिंकला बँडविड्थ फार लागत नाही, पण लेटन्सी (पॅकेट पोचायला लागणारा वेळ) कमी हवी, ५ मिलिसेकंदांच्या आत. सेफच्याच केबलवर कोरोसिंक टाकलं आणि रिकव्हरी (गेलेल्या डिस्कच्या प्रती पुन्हा तयार करणं) सुरू झाली की त्याची पॅकेट्स अडकतात. नोडना वाटतं बाकीचे गेले, कोरम (निर्णयाला लागणारं नोडचं बहुमत) तुटतो आणि वॉचडॉग (अडकलेलं मशीन रीसेट करणारा टायमर) साधारण मिनिटभरात मशीन रीसेट करतो. एचए चालू असलेले तिन्ही नोड एकदमच रीबूट! म्हणून कोरोसिंकला १ गिगाबिटचा वेगळा स्विच आणि दुसऱ्या स्विचवरून दुसरी लिंक द्या. सेफला किमान १० गिगाबिटचं नेटवर्क. दोन्ही पॉवर सप्लाय एकाच यूपीएसला लावायचे असतील तर दुसऱ्याचे पैसे वाचवा.

चाचणी रीबूटने करू नका. डिफॉल्ट सेटिंगमध्ये रीबूटवेळी एचए व्हीएम जागच्या जागी गोठवून ठेवतं, हलवत नाही. मग ‘एचए चालतच नाही’ अशी ओरड होते. पॉवर केबल उपटा. दोनेक मिनिटांनी व्हीएम दुसऱ्या नोडवर नव्याने बूट होतात, मेमरीतलं काम जातं. तरीही एखादी उठली नाही तर आधी तिचा सीडी ड्राइव्ह पाहा: इन्स्टॉलेशनची आयएसओ बहुतेक वेळा पडलेल्या नोडच्या लोकल स्टोरेजवरच असते.