पंचवीस पोरं आणि एक

अंगणवाडीत मला 19 वर्षं झाली, पोलिओचे डोस पाजले, मतदार याद्या केल्या, कोविडमध्ये ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरले, पण त्या बुधवारी जशी बोबडी वळली तशी आजवर कधी वळली नव्हती.

झालं असं की आमच्या अंगणवाडीला पाळणाघर जोडलंय. केंद्राची पालना योजना, मिशन शक्तीतली, 60 टक्के पैसे केंद्राचे आणि 40 टक्के राज्याचे, महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात 345 मंजूर झाली त्यातलं एक आमच्या वस्तीत. सहा महिने ते सहा वर्षांची पोरं, जास्तीत जास्त 25, महिन्यातले 26 दिवस, रोज साडेसात तास. एक पाळणा सेविका, एक पाळणा मदतनीस, आणि लक्ष ठेवायला मी आहेच. मंजुरीचं कळलं तेव्हा मी खरंच खूश झाले, कारण इतकी वर्षं अंगणवाडी दुपारी सुटली की तिसऱ्या वर्षाचं पोर सातव्या वर्षाच्या बहिणीच्या कडेवर घरी जाताना बघत होते मी. ती बहीण शाळेत का नाही हे विचारायची सोय नव्हती, उत्तर कडेवरच असायचं.

पण साडेसात तास कधीपासून मोजायचे? आमच्या बायका धुणीभांडीला नाहीतर नाक्यावर जाणाऱ्या, नाक्यावर उशीर झाला की त्या दिवसाचं काम गेलंच. पाळणाघर उघडायचं साडेनऊला आणि बायका पोराला घेऊन दारात साडेसातला. पहिला आठवडा आम्ही वेळेवर उघडलं आणि सगळी मिळून चार पोरं आली. मग आम्ही तिघींनी आपसात ठरवलं की पाळीपाळीने साडेसातलाच कुलूप काढायचं. महिनाभरात 25 भरली. हे कुठल्या कागदावर नाही, आणि संध्याकाळी लवकर बंद करता येतं असंही नाही, कारण आई आल्याशिवाय पोर द्यायचं कुणाला.

आता मदतनीस. चोवीस-पंचवीसची पोरगी, कामाला वाघीण, एकाच वेळी दोन पोरं थोपटायची आणि तिसऱ्याचं नाक पुसायची. तिचं स्वतःचं आठ महिन्यांचं बाळ सासूकडे असायचं. त्या सोमवारी सासू गावाला गेली, कुणीतरी आजारी पडलं म्हणून. मंगळवारी ही बाळाला घेऊन आली आणि दारातच उभी राहिली, आत येईना. म्हणाली ताई, आठ दिवस फक्त. मी काय म्हणणार, म्हटलं ये गं, खिडकीच्या गजाला आणखी एक झोळी बांध.

आणि बुधवारी अकरा वाजता तपासणी! आधी फोन नाही काही नाही, साहेब, सोबत आमच्या पर्यवेक्षिका मॅडम, मागे एक फोटो काढणारा. साहेब माणूस वाईट नव्हता हं, बूट बाहेर काढून आला, गाद्या दाबून बघितल्या, वजनकाटा बघितला, एका पोराचा दंडघेर माझ्याकडून मोजून घेतला, 12.8 सेंटीमीटर आला, म्हणजे पोर कुपोषित नाही, म्हणाला छान. मग रजिस्टर मागितलं. हजर 25. आणि साहेब बोट करून पोरं मोजायला लागला. रांगणारी पोरं मोजणं सोपं नाही, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा म्हणाला 26.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडातून शब्द फुटेना. मदतनीस भिंतीकडे तोंड करून दुधाच्या वाट्या पुसत बसली, वर बघायचं नाव नाही, तिला वाटलं असेल की गप्प बसलं तर निभेल. पण बाळाला काय कळतंय, ते सरपटत सरपटत सगळ्या खोलीतून वाट काढत गेलं आणि तिचा पदर धरून उभं राहायला लागलं. बहुतेक पहिल्यांदाच उभं राहिलं ते, कारण ही सगळं विसरून हसली आणि म्हणाली, ताई बघा ना!

साहेबसुद्धा हसला, खोटं कशाला सांगू. मग म्हणाला, प्रवेशाचा फॉर्म कुठाय याचा?

तेव्हा माझी जीभ सुटली. म्हटलं साहेब, जागा 25, त्या भरल्यात, फॉर्म कसा भरू. पण योजना काम करणाऱ्या आईच्या पोरांसाठी आहे ना, मग ही काय करतेय इथे सकाळपासून? तो म्हणाला, ती मानधनी आहे. हे उत्तर मला पाठ आहे. पगार मागितला की आम्ही मानधनी, 2023 च्या डिसेंबरात संपावर बसलो तेव्हाही मानधनी, आणि उशीर झाला की मात्र नोटीस कर्मचाऱ्यासारखी. मी एवढं सगळं बोलले नाही म्हणा, अर्धंच बोलले, उरलेलं रात्री भांडी घासताना बोलले.

साहेबाने भेटवहीत लिहिलं, "26 बालके आढळली, एक विनाप्रवेश, खुलासा घ्यावा." स्वच्छतेला चांगला शेरा दिला. आणि जाता जाता मदतनिसीला हळूच विचारलं, मानधन वेळेवर मिळतं का. ती म्हणाली, तीन महिने झाले सर. ते काही भेटवहीत आलं नाही.

खुलासा मी दोन पानी लिहिला, मॅडमनी चार ओळींचा करून घेतला. सासू आठ दिवसांनी आली नाहीच. जूनमध्ये आमचा एक पोरगा पहिलीत गेला, जागा रिकामी झाली, त्याच दिवशी मी मदतनिसीला फॉर्म दिला. सगळं भरलं तिने सुवाच्य अक्षरात आणि एका रकान्याशी अडली, आईचा व्यवसाय. पाळणा मदतनीस लिहू का, म्हणाली. मी मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, उगाच कुणीतरी परत प्रश्न काढेल, मोलमजुरी लिहा.

तिने मोलमजुरी लिहिलं. फॉर्म पहिल्या फटक्यात पास झाला.