वाचनाच्या रकान्यातली मोकळी घरे

लहान मुलांच्या आरोग्याविषयी आणि वाढीविषयी अमेरिकेत जी राष्ट्रीय सर्वेक्षणे होतात, त्यांची आकडेवारी तपासून तक्ते करणे हे तिथल्या एका विद्यापीठातले माझे काम. त्या दिवशी समोर होते १९९८-९९ साली किंडरगार्टनमध्ये दाखल झालेल्या मुलांचे सर्वेक्षण. केंद्रीय शिक्षण विभागाच्या सांख्यिकी केंद्राने देशभरातल्या वीस हजारांहून अधिक मुलांपासून सुरुवात करून आठवीपर्यंत फेरीफेरीने चाचण्या घेत त्यांचा पाठपुरावा केला होता, त्यामुळे हिस्पॅनिक, म्हणजे मुळे स्पॅनिशभाषक देशांत असलेल्या, मुलांचा अभ्यास करणारे या आकडेवारीकडे हमखास वळतात.

माझा आलेख सकाळी अकरा वाजेपर्यंत तयार झाला. हिस्पॅनिक मुलांची वाचनातली सरासरी इतरांपेक्षा संथपणे चढत होती आणि मसुद्यात मी तसे ठाम वाक्यही लिहून टाकले होते. आमच्या विभागातल्या, मूळच्या पोर्तो रिकोच्या एका ज्येष्ठ बाईंनी आलेख पाहिला आणि एवढेच विचारले, "पहिल्या फेरीत गणिताचे गुण किती मुलांना आहेत आणि वाचनाचे किती जणांना?"

मोजून पाहिले, तर गणिताचे गुण असलेली हिस्पॅनिक मुले कितीतरी अधिक होती. एकेक ओळ उघडून पाहू लागले, तेव्हा त्याच त्या मुलांच्या वाचनाच्या रकान्यात ऋण संकेतांक दिसले. हे संकेतांक गुण का नाहीत याचे कारण सांगतात, हे ठाऊक असूनही मी एका आज्ञेत ते सगळे रिकामे करून टाकले होते.

माहितीपुस्तिकेत सगळे लिहिलेले होतेच. घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांची आधी तोंडी इंग्रजीची चाळणी होई: सांगितलेली कृती करणे, चित्रातल्या वस्तूंची नावे सांगणे, ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगणे. त्यात मागे पडलेल्यांची वाचनाची चाचणी होत नसे. त्यांतल्या स्पॅनिश बोलणाऱ्यांना गणित स्पॅनिशमधून विचारले जाई. पुढच्या फेरीत चाळणी पार झाली की त्यांचे वाचनाचे गुण प्रथमच नोंदले जात आणि ते बहुधा कमी असल्यामुळे सरासरी खाली ओढली जाई. मी ज्याला संथ प्रगती म्हणत होते, त्यात या उशिरा आलेल्या मुलांचा मोठा वाटा होता.

चाळणीत अडकलेले मूल मराठी बोलणारे असते, तर त्याचे गणितही राहिले असते. प्रत्यक्ष मोजमाप उरले असते ते उंची आणि वजनाचे. शाळेच्या अर्जात घरची भाषा मराठी लिहिल्यामुळे माझ्या मुलीचीही इंग्रजीची तपासणी झाली होती. घरी अखंड बडबडणारी ती पोर अनोळखी बाईंसमोर बुटाच्या बंदाशी चाळा करत गप्प बसून राहिली होती.

दुपारी, दोन्ही फेऱ्यांत वाचनाचे गुण असलेल्या मुलांवरच आलेख पुन्हा काढला, तेव्हा फरक बराच ओसरला. पण हा गट आधीपासून इंग्रजी येणाऱ्यांचा होता. त्यावरून सगळ्या हिस्पॅनिक मुलांविषयी बोलणे तितकेच चुकीचे ठरले असते. २०१०-११ च्या पुढच्या सर्वेक्षणात वाचनाचा पहिला भाग घरची भाषा न पाहता सगळ्यांनाच दिला गेला, म्हणून त्या प्रश्नासाठी तेच घ्यायचे ठरले. मुलांच्या आरोग्याचे राष्ट्रीय सर्वेक्षणही बाईंनी सुचवले. त्यात पालक इंग्रजीत किंवा स्पॅनिशमध्ये उत्तर देऊ शकतात. पण ते पालकांचे सांगणे, तिथे मुलाची चाचणी नाही.

संध्याकाळी मसुद्यातले ते वाक्य मी खोडले आणि तक्त्याच्या पहिल्याच ओळीत, वाचनाची चाचणी न झालेल्या मुलांची संख्या लिहिली.