राखेचं दूध

चुलीतली राख आपल्याकडे भांडी घासायला, फार तर कडधान्याला कीड लागू नये म्हणून. पोकोट जमातीच्या बायका ती तुंब्यातल्या, म्हणजे वाळक्या भोपळ्याच्या भांड्यातल्या, दुधात घालतात. केनियाच्या वायव्येला, पश्चिम पोकोटमध्ये, बाकी पाहिलेलं सगळं मला त्या एका तुंब्यापुढे फिकं वाटलं.

किटालेपर्यंत बस आणि पुढे मटाटू. या चौदा जणांच्या व्हॅनमध्ये चौदाच माणसं बसतील अशा भ्रमात राहू नये. वाटेतल्या कापेनगुरियाला जोमो केन्याटा (पुढे केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष) आणि त्यांच्या पाच साथीदारांवर १९५२-५३ मध्ये खटला चालला. त्यांना ठेवलेल्या तुरुंगाचं आता संग्रहालय आहे, ते तासाभरात बघून होतं. खरा पोकोट मुलूख चेपारेरियानंतर, रस्ता ओर्टुम आणि मारिच खिंडीकडे उतरू लागला की सुरू होतो. थंडी जाते, बाभळी आणि शेळ्या दिसू लागतात.

डोंगरातले पोकोट शेती करतात, सपाटीवरचे गुरं राखतात. एकमेकांना ते ‘धान्याची माणसं’ आणि ‘गुरांची माणसं’ म्हणतात, आणि दुसऱ्यांना जरा कमी लेखतात असं मला वाटलं. धान्य म्हणजे पूर्वी ज्वारी नि नाचणी, आता जास्त करून मका. ही दोन्ही जुनी धान्यं मुळात आफ्रिकेतलीच. आपण त्यांना घरचीच समजून बसलोय.

तर तुंबा. मिरजेत ज्या जातीच्या भोपळ्याच्या सतारी होतात, तोच हा कडू भोपळा, फक्त लांबट. तो वेलीवरच पुरता वाळू द्यायचा. मग तोंड कापून आत पाणी आणि खडे भरून खुळखुळवायचं. बिया आणि गर सुटून येतात. पाणी बदलत राहायचं, कडूपणा जाईपर्यंत. इथे घाई केली की पहिली दोन-तीन दुधं वाया जातात. मग उन्हात कडक सुकवायचा. आत ओल राहिली तर बुरशी धरते आणि त्या वासाला पुढे इलाज नाही.

राख कोणत्याही लाकडाची चालत नाही. पोकोट ज्या झाडाला ‘क्रोम्वो’ म्हणतात, त्याचं लाकूड जाळून त्याची काळी-करडी पूड करतात आणि बारीक चाळतात. पूड जाड राहिली तर घोटाघोटाला दाताखाली कचकच.

दूध गाईचं किंवा शेळीचं. ते उकळून पूर्ण गार करूनच तुंब्यात ओतायचं. कोमट ओतलं तर गाठी होतात. विरजण वेगळं लावावं लागत नाही, तुंब्याच्या भिंतीतच ते मुरलेलं असतं. म्हणून नवीन तुंब्याचं दूध कधीच जुन्यासारखं लागत नाही. दोन-तीन दिवसांत दूध फुटून खाली पाणी साठतं. ते काढून टाकायचं, वर ताजं दूध घालायचं आणि रोज हलवायचं. पाणी काढायचा कंटाळा केला तर दही नुसतं आंबट ढाण होतं. भर घालत घालत तुंबा काठोकाठ आला, साधारण दहा दिवस झाले की मग राख. शेवटी झाकण घट्ट. मधेच उघडून बघायची सवय असेल तर हे काम आपलं नव्हे.

ओतलं की रंग ओल्या सिमेंटसारखा करडा, किंचित निळसर. वास धुराचा. चव दाट ताकाची, पण आंबटपणाला राखेने आवर घातलेला. मला आवडलं. न उकळलेल्या दुधाचं मात्र घेऊ नये, ब्रुसेलोसिस हा गुरांकडून येणारा ताप इथे आहे. हे दुसरा पेला संपल्यावर विचारून काही उपयोग नसतो.

कोरड्या दिवसांत दूध आटलं की रक्ताची जोड. गुराच्या मानेला वादी आवळली की शीर फुगते. मग टोकामागे आडवा अडसर बांधलेला बाण जवळून मारायचा. अडसरामुळे तो शिरेपलीकडे जात नाही. रक्त धरून काडीने लगेच ढवळायचं, नाहीतर गोठतं. गुठळ्यांचे धागे काडीला गुंडाळून येतात. वादी सोडली की धार थांबते. गाभण किंवा हाडं निघालेल्या जनावराला हात लावत नाहीत.

‘तिलिया’ हा त्यांचा व्यवहार मला सगळ्यात शहाणपणाचा वाटला. कापायला बैल हवा असेल तर मित्राकडून घ्यायचा आणि बदल्यात त्याच्याकडे गाय पाठवायची. गाईच्या वासरांत दोघांचा हक्क, हिशेब वर्षानुवर्षं चालू. आपल्याकडच्या अर्धेलीशी थोडं जुळतं. गुरं अशी दहा मित्रांच्या गोठ्यांत पांगली की एका रोगसाथीने किंवा गुरं पळवणाऱ्या एका धाडीने घर बसत नाही. धाडी ही जुनी गोष्ट नव्हे. बारिंगो काउंटीतल्या तियाटी भागात जाण्याआधी स्थानिकांना विचारावंच, आणि ‘नको’ म्हणाले तर हुज्जत घालू नये.

चीड आली ती ‘पोकोट गाव दर्शना’ची. पैसे मोजायचे, बायकांनी गळाभर मणी घालून उड्या मारायच्या, गाडी परत. तरुणाला पुरुषांत घेणारा ‘सापाना’ विधी असा वेळ ठरवून होत नाही. त्यात त्याला भाल्याने बैल मारावा लागतो. कोण्या घरी गेलात तर साखर आणि चहापत्ती न्या, फोटोचं शेवटी बघा.

तुंबा विकत घ्यायचा असेल तर बाजारात आधी नाक आत घाला. धुराचा वास आला तर वापरातला, काहीच वास नसेल तर शोभेचा, ओल्या गोणपाटासारखा असेल तर ठेवून द्या. घरी आणल्यावर साबण लावू नका. भिंत साबण शोषून घेते आणि पुढचं दूध फेसाळ लागतं. गरम पाणी, आत निखाऱ्याची पूड घासून घ्यायची, आणि तोंड खाली करून सुकवायचा.