गार करण्याचा उपचार आणि मुंबईतली चाचणी

माझ्या भाचीचे बाळ जन्मतः रडले नाही. त्याला काचेत ठेवतील, हे घरच्यांनी गृहीत धरले होते. पण डॉक्टर त्याला ऊब देण्याऐवजी गार करणार आहेत हे कळल्यावर, बाळ-बाळंतिणीच्या शेक-शेगडीत आयुष्य गेलेल्या आमच्या आक्का हादरूनच गेल्या. तेव्हापासून या उपचाराविषयी मिळेल ते मी वाचत आलो आहे.

प्रसूतीच्या वेळी मेंदूला प्राणवायू आणि रक्त कमी पडले, तर सगळ्या पेशी तत्क्षणी मरत नाहीत. श्वास सुरू झाल्यावर त्या काही काळ सावरतात आणि साधारण सहा तासांनंतर त्यांची ऊर्जानिर्मिती पुन्हा कोसळते; झटके, सूज आणि बरीचशी हानी या दुसऱ्या टप्प्यात होते. म्हणून जन्मानंतर ६ तासांच्या आत बाळाचे तापमान ३३ ते ३४ अंश सेल्सिअसवर आणतात, ७२ तास तेथेच राखतात आणि मग तासाला सुमारे अर्धा अंश अशा संथ गतीने वाढवतात. हा उपचार पूर्ण दिवसांच्या किंवा त्याच्या जवळपास जन्मलेल्या, मध्यम वा तीव्र इजा झालेल्या बाळांसाठी आहे. २००५पासून प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः श्रीमंत देशांतील चाचण्यांत मृत्यू आणि अपंगत्व दोन्ही कमी झाले.

मात्र २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हेलिक्स’ चाचणीने वेगळेच चित्र दाखवले. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील सात मोठ्या रुग्णालयांत, ज्यांत मुंबईचे सायन रुग्णालयही होते, ४०८ बाळांवर ती झाली. मृत्यू किंवा अपंगत्व यांचे एकत्रित प्रमाण गार केल्याने घटले नाही आणि मृत्यू तर वाढले: गार केलेल्या गटात ४२ टक्के, दुसऱ्या गटात ३१. आपल्याकडच्या अनेक बाळांत इजा प्रसूतीच्या बरीच आधी सुरू झालेली असावी आणि मग ६ तासांचे गणितच लागू पडत नसावे, हे त्यामागचे एक स्पष्टीकरण मला सर्वांत पटते. चाचणीकर्त्यांनी अशा देशांत हा उपचार देऊ नये असे सुचवले. इथल्या अनेक नवजात-तज्ज्ञांना ते मान्य नाही, कारण चाचणीतील बरीच बाळे दुसरीकडे जन्मून तेथे आणलेली होती.

या वादात मी डॉक्टर नाही, पण ‘कूलिंगची सोय आहे’ एवढ्या पाटीवर विसंबू नये असे मला वाटते. गुदद्वारातील तापमान सतत मोजले जाते का, व्हेंटिलेटर आणि मेंदूच्या आलेखाची सोय आहे का, आणि बाळाची इजा नक्की किती तीव्र आहे, हे तिथल्या तिथे विचारण्याचा आई-वडिलांना पूर्ण अधिकार आहे.